आकडा सारखा, हात वेगळा

मराठीच्या प्राध्यापकांना संगणकीय खेळांविषयी बोलते केले की दोन ठरलेली वाक्ये ऐकू येतात. पहिले, या खेळांमुळे मुले वाचेनाशी झाली. दुसरे जरा अधिक तात्त्विक थाटाचे : या खेळांत माणसाचा आकडा होतो. पहिल्या वाक्याविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. मुले वाचेनाशी होण्यास आम्ही शिक्षकांनी जो हातभार लावला आहे तो पाहता खेळांना एकट्यानेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला धाडसाचे वाटते. दुसऱ्या वाक्याशी मात्र मला भांडायचे आहे. ते खोटे आहे म्हणून नव्हे. ते अर्धे खरे आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग आपल्याच अंगावर येणारा आहे, म्हणून.

मी सुरगाण्यात शिकवतो. गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा नाशिक जिल्ह्यातला तालुका. कोकणा, वारली, महादेव कोळी यांची वस्ती, नागली-वरईची शेती, अलीकडे काही गावांत स्ट्रॉबेरी. २०२२ च्या अखेरीस येथील सीमेवरच्या काही गावांनी सोयीसुविधा मिळत नाहीत म्हणून गुजरातेत जाण्याची मागणी केली, तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांना आमचे नाव चार दिवस सापडले होते. मुलांचे खेळ म्हणाल तर कबड्डी, खो-खो आणि धावणे. बास्केटबॉलचे खांब या बाजूला क्वचितच दिसतात. तरीही पावसाळ्यातल्या एका दुपारी, गाड्या अडल्यामुळे वर्ग अर्धा रिकामा असताना, कॉलेजच्या व्हरांड्यात द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी मोबाइलवर बास्केटबॉलच खेळत होता. मी जवळ गेलो तेव्हा त्याने फोन लपवला नाही, हे मला आवडले. मी विचारले, यात नेमके करायचे काय असते? त्याने जे सांगितले ते मी नंतर पुष्कळ पडताळून पाहिले. मुलाचे सांगणे चोख होते.

खेळाची यंत्रणा थोडक्यात अशी. बास्केटबॉलच्या संगणकीय खेळांत आज सर्वांत प्रस्थापित असलेली मालिका म्हणजे ‘एनबीए २के’. तिची पहिली आवृत्ती १९९९ साली आली आणि तेव्हापासून ती वर्षागणिक निघते आहे. या खेळात अमेरिकेच्या व्यावसायिक संघांतले खरे खेळाडू असतात आणि प्रत्येकाच्या अंगी गुणांची एक यादी चिकटवलेली असते : जवळून मारलेला शॉट, मधल्या अंतराचा, तीन गुणांच्या रेषेबाहेरचा, फ्री थ्रो, चेंडूवरचा ताबा, वेग, ताकद, दम, बचाव, आणि असे बरेच काही. प्रत्येक गुणाला एक आकडा, कमाल ९९. या सगळ्यांचे खेळाडूच्या जागेनुसार वजन लावून एक एकत्रित आकडा निघतो, त्याला ‘ओव्हरऑल’ म्हणतात. दरवर्षी हे आकडे जाहीर झाले की कोट्यवधींची कमाई असलेले खरे खेळाडू समाजमाध्यमांवर ‘मला एवढेच का’ म्हणून रुसतात. निकालाच्या दिवशी आमच्या कार्यालयासमोर जी गर्दी होते तीच ही गर्दी. फक्त माणसे उंच.

आता प्रत्यक्ष शॉट. बटण दाबून धरले की पडद्यावरचा खेळाडू उडी घेतो आणि एक पट्टी भरू लागते. चेंडू हातातून सुटण्याचा क्षण ओळखून बटण सोडायचे. क्षण तंतोतंत साधला तर पट्टी हिरवी होते आणि चेंडू आत जातो. ‘ग्रीन’ हा शब्द आता या खेळाच्या जगात क्रियापदासारखा वापरतात. क्षण थोडा चुकला तर काय होईल हे मग आकडे ठरवतात. त्या खेळाडूचा त्या अंतरावरचा गुणांक किती, समोरचा बचाव करणारा किती जवळ आहे, खेळाडू दमला आहे का, या सर्वांवर हिरव्या क्षणाची रुंदी कमी-जास्त होते. चांगल्या खेळाडूला क्षण रुंद मिळतो, सामान्याला अरुंद. म्हणजे आकडा येथे निकाल देत नाही. तो चुकीला किती माफी मिळेल एवढेच ठरवतो. बाकीचे तुमच्या बोटावर. या मालिकेच्या अनेक आवृत्त्यांत आणखी एक पर्याय दिलेला असे : तुमच्या बोटाचे कौशल्य बाजूला ठेवून शॉटचा निकाल खऱ्या खेळाडूच्या टक्केवारीवर सोपवा. तो निवडला की खेळणारा नुसता साक्षीदार उरतो.

हे सगळे सांगून झाल्यावर माझ्या विद्यार्थ्याने जे वाक्य उच्चारले त्यासाठी हा लेख आहे. मी विचारले होते, दोन खेळाडूंचा आकडा सारखा असेल तर ते दोघे सारखेच झाले ना? तो म्हणाला, “नाही सर. आकडा सारखा, पण हात वेगळा.”

त्याचे म्हणणे असे की प्रत्येक प्रमुख खेळाडूची शॉट मारण्याची लकब खेळात स्वतंत्रपणे उतरवलेली असते. कोणी चेंडू कपाळावरून सोडतो, कोणी डोक्यामागून; कोणाचे कोपर बाहेर जाते, कोणाच्या उडीत क्षणभर थांबा असतो. शॉन मॅरियन नावाच्या खेळाडूचा शॉट छातीपासून ढकलल्यासारखा, कोणत्याही प्रशिक्षकाने ‘चूक’ म्हणून लाल रेघ मारावी असा होता. तरी तो एनबीएत दीर्घकाळ खेळला आणि २०११ साली डॅलसच्या विजेत्या संघात होता. या लकबी उतरवण्यासाठी खेळ बनवणारे खेळाडूंच्या अंगावर खुणा लावून त्यांच्या हालचाली टिपतात, चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहतात. खेळणाऱ्यालाही ती लकब शिकावी लागते. कारण प्रत्येकाचा हिरवा क्षण वेगळ्या जागी असतो आणि तो पट्टीपेक्षा मनगटाकडे पाहूनच चांगला कळतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. ज्या यंत्राला आकड्यांखेरीज दुसरे काही समजत नाही, त्या यंत्राच्या चालकांनासुद्धा कळले की नुसत्या आकड्यांनी खेळाडू उभा राहत नाही, त्याचे मनगट टिपावे लागते. आणि ज्यांचा व्यवसायच मनगट ओळखण्याचा, म्हणजे शैली ओळखण्याचा आहे, त्या आम्ही साहित्याच्या अध्यापकांनी मनगट टाकून दिले आणि आकडा तेवढा ठेवला. मग ‘खेळांत माणसाचा आकडा होतो’ हे वाक्य आम्ही कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आकडा हा माणसाच्या हातूनच येतो, हेही या खेळांच्या इतिहासाने लपवलेले नाही. १९९३ साली मिडवे कंपनीचा ‘एनबीए जॅम’ हा नाणे टाकून खेळायचा बास्केटबॉल गाजला. ओळीने तीन बास्केट टाकणाऱ्या खेळाडूच्या हातातला चेंडू त्यात अक्षरशः पेट घेत असे. त्याचा कर्ता मार्क टर्मेल हा डेट्रॉइट पिस्टन्स या संघाचा चाहता. शिकागो बुल्स हे पिस्टन्सचे हाडवैरी. सामना अटीतटीचा झाला तर शेवटच्या क्षणी बुल्सचे शॉट पिस्टन्सविरुद्ध चुकावेत अशी सोय आपण आज्ञावलीत करून ठेवली होती, हे टर्मेलने पुढे स्वतःच सांगितले. नाणी टाकून खेळणाऱ्या मुलांना वाटत राहिले की आपला नेम चुकला. आणि त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू, मायकेल जॉर्डन, त्या खेळात नव्हताच. त्याच्या प्रतिमेच्या हक्कांचा व्यवहार वेगळा होता. ‘वस्तुनिष्ठ मूल्यमापन’ हा शब्द बैठकीत कोणी उच्चारला की मला हा खेळ आठवतो. आमच्याही गुणपत्रिकांच्या आत कोणाचे तरी पिस्टन्स बसलेले असतात. फरक इतकाच की टर्मेलने ते कबूल केले.

आमच्या व्यवसायातल्या आकड्यांची वंशावळ वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ती लांबवत नाही. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने अध्यापकाच्या डोक्यावर ‘एपीआय’ आणला. शोधनिबंधाला इतके, पुस्तकाला इतके, चर्चासत्रातल्या हजेरीला इतके. २०१८ च्या नियमावलीने तक्ता बदलला, तक्तेगिरी राहिली. २०१९ साली दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही मोडीत निघाली. ‘नॅक’ने तर अख्ख्या महाविद्यालयाचा ‘ओव्हरऑल’ काढून दाखवला, चारपैकी, दशांश चिन्हासह. ‘एनबीए २के’मध्ये आपला स्वतःचा खेळाडू घडवायचा एक प्रकार असतो. तो सुरुवातीला साठच्या आसपास असतो आणि खेळून खेळून वर न्यायचा असतो. पण खिशात पैसे असतील तर खेळातले आभासी चलन विकत घेऊन त्याचे गुणांक झटक्यात वाढवता येतात. खेळणारी मुले या सोयीला नावे ठेवतात, ती मनापासून. पैसे भरून शोधनिबंध छापून घेणाऱ्या नियतकालिकांना आम्ही नावे ठेवली ती बहुधा आपला निबंध छापून झाल्यानंतर.

पण अध्यापकांवरील अन्यायाचे रडगाणे हा माझा विषय नाही. आमचा आकडा आमच्या बढतीपुरता. विद्यार्थ्याचा आकडा त्याच्या भाषेवर बसतो. आणि येथे आरोपी मी आहे.

व्हरांड्यातल्या त्याच विद्यार्थ्याने त्या वर्षी अंतर्गत मूल्यमापनासाठी बोहाड्यावर लिहिले होते. आमच्या भागातला हा सोंगांचा उत्सव. रात्र रात्र चालणारा, लाकडी मुखवट्यांचा. बाप मुखवटा चढवतो तेव्हा मुखवट्याच्या वजनाने त्याची मान कशी बसते, त्याचे चालणे कसे बदलते आणि सकाळी मुखवटा उतरल्यावरही ते चालणे घरापर्यंत कसे येते, हे त्याने लिहिले होते. लिहिले होते अर्धे प्रमाण मराठीत, अर्धे कोकणा बोलीत. मी लाल शाईने रूपे सुधारली. ‘प्रमाणभाषेचा अभाव, मांडणी विस्कळीत’ असा शेरा दिला आणि वीसपैकी सात गुण लिहिले. सात हा आकडा मी कसा काढला ते आज मला सांगता येणार नाही. शेऱ्यात एकही शब्द त्या चालण्याविषयी नव्हता. वर्गात शैलीविज्ञानावर मी तास घेतले होते, नियमोल्लंघनाचे सौंदर्य फळ्यावर लिहिले होते. आणि प्रत्यक्ष शैली हातात आली तेव्हा तिला सात गुण देऊन मोकळा झालो. त्यानंतरचे त्याचे लिखाण स्वच्छ होते, शुद्ध होते आणि मेलेले होते. त्याला अकरा, बारा असे गुण मिळत गेले. म्हणजे त्याचा ‘ओव्हरऑल’ वाढला.

बास्केटबॉलच्या खऱ्या मैदानावरची एक हकीकत मला यामुळे फार लागते. विल्ट चेंबरलेन हा अजस्र ताकदीचा खेळाडू. फ्री थ्रो मात्र त्याचा कच्चा. १९६१-६२ च्या हंगामात तो फ्री थ्रो खालून, दोन्ही हातांनी, गुडघ्यांच्या मधून झोका देऊन टाकू लागला. त्या हंगामात त्याचे सुमारे ६१ टक्के फ्री थ्रो आत गेले. कारकिर्दीतला हा त्याचा उच्चांक. २ मार्च १९६२ रोजी त्याने एका सामन्यात शंभर गुण केले, तो विक्रम आजही अबाधित आहे. त्या रात्री ३२ पैकी २८ फ्री थ्रो त्याने असेच खालून टाकले. आणि मग त्याने ती पद्धत सोडून दिली. का? तर तसे टाकताना आपण बायकी दिसतो, लोक हसतात, ही लाज. १९६७-६८ पर्यंत त्याची टक्केवारी ३८ वर घसरली. आपले चुकले हे त्याने पुढे आत्मचरित्रात मान्य केले. त्याच्याच काळात कारकीर्द सुरू केलेला रिक बॅरी मात्र हसणाऱ्यांना हसू देऊन आयुष्यभर खालून टाकत राहिला आणि त्याचे दहापैकी जवळपास नऊ फ्री थ्रो आत गेले.

माझ्या विद्यार्थ्याचा चेंडू ज्या हाताने आत जात होता तो हात त्याने सोडला, कारण मी हसलो. लाल शाई हेही एक हसणेच असते. चेंबरलेनला निदान प्रेक्षक हसले होते. त्याला त्याच्या गुरूने हसून दाखवले.

आकड्याची दुसरी मर्यादा त्याच्या भूतकाळात आहे. जे आधी घडून गेले त्यावरूनच तो निघतो. स्टीफन करी याने २०१५-१६ च्या हंगामात तीन गुणांचे ४०२ शॉट टाकले. त्याआधीचा विक्रम, तोही त्याचाच, २८६ होता. आकड्यापेक्षा महत्त्वाची होती त्याची रीत. चेंडू टप्पे देत असताना, अंगावर माणूस असताना, रेषेच्या कितीतरी बाहेरून तो शॉट घेई. संगणकीय खेळात असा शॉट ‘वाईट शॉट’ धरून त्याला दंड लावलेला होता, कारण शहाण्या बास्केटबॉलच्या व्याकरणात तो वाईटच होता. करीला आपल्या नियमांत कसे बसवायचे हा प्रश्नच आहे, असे खेळ घडवणाऱ्यांनीच त्या काळात मान्य केले. त्यांनी व्याकरण बदलले.

आपल्याकडे हे झालेले नाही असे नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर. त्यांची कविता १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा त्यातले कितीतरी शब्द अभ्यासकांच्या कोशांत नव्हते. या दोघांना आज आपण अभ्यासक्रमात लावतो, त्यांच्या बोलीवर दहा गुणांचा प्रश्न काढतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या बोलीत लिहिले तर गुण कापतो. व्याकरण बदलण्याची तयारी आम्ही मेलेल्या किंवा मान्यवर झालेल्या कवींपुरतीच ठेवलेली आहे.

येथे माझे काही सहकारी एक आक्षेप घेतील आणि तो हलका नाही. ते म्हणतील, आकडा हा दुबळ्याचा मित्र आहे. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या मुलाला मुलाखतीच्या टेबलासमोर ओळख नाही, आडनावाची पुण्याई नाही. त्याच्याजवळ असतील तर गुणच. ‘शैली’, ‘लकब’, ‘एकूण छाप’ असले पातळ शब्द आले की वशिल्याला दार उघडते. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. ‘व्यक्तिमत्त्व प्रभावी नाही’ एवढ्या शेऱ्यावर आमची मुले बाहेर पडलेली मी पाहिली आहेत. म्हणून आकडा काढून टाका असे मी म्हणत नाही. आकडा आणि मनगट वेगवेगळे नोंदवा, एवढेच म्हणतो, आणि हे त्या खेळाकडूनच शिकून म्हणतो. त्यात मॅरियनच्या कोपराबद्दल त्याचा गुणांक कमी केलेला नाही. गुणांक चेंडू आत गेला की नाही यावरून; हात कसा आहे ते वेगळ्या खात्यात.

म्हणून तीन साध्या गोष्टी. एक, शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवा, ते ठरवून द्या, आणि बाकीच्या गुणांत त्यांना शिरू देऊ नका. दोन, सर्जनशील लेखनाच्या अंतर्गत मूल्यमापनात बोलीला मुभा आहे हे आधी, लेखी सांगा. नंतर मोठ्या मनाने दिलेली सूट मुलांना कळत नाही आणि पटतही नाही. तीन, प्रत्येक उत्तरपत्रिकेवर आकड्याच्या शेजारी एक वाक्य लिहा, जे दुसऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवर चालणार नाही. साठ उत्तरपत्रिकांना साठ वाक्ये. वेळ लागतो हे खरे. पण ज्या अध्यापकाला एका मुलाच्या लिखाणाविषयी त्याचे असे एक वाक्य सुचत नाही, त्याने त्याला गुण तरी कशाच्या जोरावर दिले?

खेळांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तेही आता घसरू लागले आहेत : २०२२ नंतरच्या आवृत्त्यांत शॉटच्या लकबीलाही उंची, वेग अशा सदरांत दर्जाची अक्षरे लावली गेली आणि मुले मनगट न पाहता अक्षर पाहून लकब निवडू लागली. आकड्याला मनगट खाण्याची भूक आहे. ती जिथे आडवायची ती जागा साहित्याचा वर्ग ही होती, आणि आम्ही तिथे नव्हतो.

तो विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला. त्याचा बोहाड्यावरचा कागद माझ्या कपाटात आहे. सात हा आकडा आता बदलता येत नाही. नोंद केव्हाच वर गेली. शेऱ्याखाली जागा होती, तिथे मी त्याच्या बापाच्या चालण्याविषयी एक वाक्य लिहिले आहे आणि कागदाची प्रत त्याला पाठवली आहे. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी अवश्य वाद घालावा. त्याआधी त्यांनी आपल्या कपाटातला एक जुना गठ्ठा सोडावा आणि आपल्या लाल शाईतले शेरे मोठ्याने वाचून पाहावेत.